हिऱ्याची साखरपुड्याची अंगठी घेतल्यानंतर त्रयस्थाकडून मूल्यांकन: काय तपासून घ्यावं?

नवी_खरेदी

नमस्कार मंडळी. साखरपुड्यासाठी घेतलेली अंगठी हातात आली आहे. परत करायची मुदत ३० दिवसांची आहे आणि तेवढ्यात बाहेरच्या माणसाकडून तिचं मूल्यांकन करून घ्यायचं आहे. तपशील असा:

मधला खडा गोल ब्रिलियंट, १.०२ कॅरेट, रंग जी, स्वच्छता व्हीएस२ (आत अगदी बारीक खुणा), कट एक्सलंट. मापं ६.४८ ते ६.५१ × ३.९७ मिमी. फ्लुरोसन्स (यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात उजळणं) मीडियम ब्लू. सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट आहे आणि त्याचा नंबर गर्डलवर (खड्याच्या कडेच्या पट्टीवर) कोरल्याचं त्यात लिहिलं आहे. अंगठी १८ कॅरेट व्हाइट गोल्डची, सहा प्रॉंगची (खडा पकडणाऱ्या पंजांची). दोन्ही खांद्यांवर मिळून १६ बारीक हिरे आहेत, बिलात त्यांचं एकूण वजन ०.१६ कॅरेट धरलं आहे.

विक्रेत्याने बिलासोबत स्वतःच्या लेटरहेडवर एक मूल्यांकनपत्रही दिलं आहे. त्यातली रक्कम बिलाच्या जवळपास दुप्पट आहे.

प्रश्न असे:
१. एवढा रिपोर्ट असताना वेगळं मूल्यांकन लागतंच का?
२. खडा कोंदणात असताना कितपत खरं कळतं? काढावा लागेल का?
३. दुपटीच्या रकमेचं पत्र विम्याला द्यावं का?
४. मूल्यांकन करणाऱ्याला रिपोर्ट आणि बिल आधी दाखवावं की झाकून ठेवावं?

शिवाय अंगठी बोटाला जरा सैल होते. साइज आधी करून घ्यावी की नंतर?

---

भिंगवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई झाली तर तिथेच नडेल. साइज आत्ता अजिबात करू नका, आतल्या बाजूला नाव-तारीख कोरून घ्यायचं असेल तर तेही थांबवा. अंगठी कापली किंवा कोरली की बहुतेक ठिकाणी परतीचा हक्क संपतो. तोवर रोज घालूही नका. वापराचा एखादा ओरखडा उठला तरी तो आधीचा की नंतरचा, यावर वाद घालत बसावं लागतं.

रिपोर्ट आणि मूल्यांकन ही दोन वेगळी कामं आहेत. जीआयए ग्रेडिंग रिपोर्टसाठी खडा सुटाच घेते आणि त्या दिवशी तो जसा होता तसं लिहून देते. रिपोर्टमध्ये किंमत कधीच नसते. तो खडा पुढे कोणत्या अंगठीत बसला, बसवताना टवका उडाला का, आणि तुमच्या हातात आहे तो तोच का, हे कागदावरून कळत नाही. मला विचाराल तर मूल्यांकनाची फी मुख्यतः या ओळखपरेडीची. रकमेचा आकडा सगळ्यात शेवटी येतो.

ओळख पटवण्याचा क्रम साधारण असा असतो.

आधी सफाई. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो आणि खालच्या बाजूला साबण-क्रीमचा थर बसला की खडा मंद दिसतो, रंगही एखादी पायरी उतरल्यासारखा वाटतो. पण अंगठी थेट अल्ट्रासॉनिकमध्ये टाकणारा दिसला तर थांबवा. आधी मायक्रोस्कोपखाली बारीक खडे सैल नाहीत ना, आणि मधल्या खड्यात फट भरून घेतलेली नाही ना, हे बघायला हवं. भरलेल्या फटीत खडा हलवताना जांभळी-नारिंगी किंवा निळी-हिरवी झाक चमकून जाते. तसला खडा उष्णतेने आणि वाफेने खराब होतो. जीआयए अशा खड्याला ग्रेडिंग रिपोर्ट देतच नाही, त्यामुळे जीआयएच्या कागदासोबत तसा खडा निघाला तर निष्कर्ष उघड आहे.

मग गर्डलवरचा नंबर. तो दहापटीच्या भिंगातून दिसतो, पण वाचायला २० ते ४० पट बरं पडतं. सहा प्रॉंगच्या अंगठीत तो प्रॉंगखाली दडण्याची शक्यता बरीच. अर्धा दिसला तरी दिसलेले आकडे जुळवून घ्या. नंबर जुळला की काम झालं, असं मात्र नाही. नैसर्गिक हिऱ्याचा नंबर लॅबग्रोन (प्रयोगशाळेत बनवलेल्या) हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणं प्रयोगशाळांनी पकडलेली आहेत. नंबर हा एक पुरावा, एकमेव नव्हे.

त्याहून खात्रीचं म्हणजे माप. रिपोर्टमधली मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत असतात. खडा बसलेला असताना प्रॉंगच्या मधून गेज लावून व्यास घेता येतो, आणि कोंदण खालून उघडं असेल तर खोलीही. व्यासात दोन-तीन शतांशांचा फरक गेजचा म्हणून सोडून देता येतो. ६.५० ऐवजी ६.४० आलं तर तो खडा दुसरा आहे, किंवा मोजणाऱ्याचा हात चुकला आहे. दुसऱ्यांदा मोजायला सांगा.

मापावरून वजन काढायचं सूत्र गोल ब्रिलियंटसाठी असं: सरासरी व्यास × सरासरी व्यास × खोली × ०.००६१. तुमच्या खड्याला लावून बघा: ६.४९५ × ६.४९५ × ३.९७ × ०.००६१ म्हणजे १.०२ कॅरेट. रिपोर्टशी बरोबर जुळतं. गर्डल जाड असेल तर यात थोडी भर घालावी लागते. व्यास ०.१ मिमीने चुकला तर वजन सुमारे ३ सेंटांनी (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) हलतं, खोली तेवढीच चुकली तर अडीच सेंटांनी. म्हणून अशा वजनापुढे 'अंदाजित' हा शब्द हवाच. सूत्राने काढलेलं वजन प्रत्यक्ष तोलल्यासारखं लिहिणारा माणूस बाकीच्या ठिकाणीही सैल असणार.

नंतर आतल्या खुणा. पूर्ण रिपोर्टमध्ये खड्याची आकृती असते. त्यात आतल्या खुणा लाल आणि पृष्ठभागावरच्या हिरव्या रंगात दाखवतात. तुमचा रिपोर्ट छोटा, म्हणजे डॉसियर असेल तर आकृती नसते, फक्त खुणांची नावं असतात. व्हीएस२मध्ये दहापटीखाली काहीतरी सापडायलाच हवं. अगदी स्वच्छ दिसला तर खूश होऊ नका, शंका घ्या.

या खुणा तुम्ही स्वतःही बघून घ्या. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, हात गालाला टेकून स्थिर करायचा आणि अंगठी भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणायची. दोन्ही डोळे उघडे. उजेड बाजूने यायला हवा, समोरून आला तर नुसती चमक दिसते. आधी टेबलच्या (खड्याच्या वरच्या सपाट पैलूच्या) कडेवर फोकस जमवा आणि अंगठी केसभर पुढे सरकवा, म्हणजे फोकस खड्याच्या पोटात उतरतो. पांढरी पिसासारखी रेघ म्हणजे फेदर, बारीक ठिपका म्हणजे क्रिस्टल. कुठल्या प्रॉंगपासून किती अंतरावर आहे ते कागदावर रेखाटून ठेवा. पुढे दुरुस्तीला दिलेली अंगठी परत घेताना हाच कागद कामी येतो.

फ्लुरोसन्स तपासायला दोन मिनिटं लागतात. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा. तुमच्या रिपोर्टात मीडियम ब्लू आहे, म्हणजे खडा निळा उजळलाच पाहिजे. काळाच राहिला तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रंग कोंदणात नीट ठरत नाही. डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) हा रंग खडा पालथा ठेवून, मास्टर स्टोनशेजारी (ठरलेल्या रंगाच्या नमुना खड्यांशेजारी), बाजूने बघून ठरवतात. बसलेल्या खड्यात वरूनच बघावं लागतं आणि धातूचा रंग आत परावर्तित होतो: पिवळ्या सोन्यात खडा पिवळसर भासतो, पांढऱ्यात मूळ पिवळेपणा लपतो. त्यामुळे प्रामाणिक माणूस 'जी ते एच' असाच पल्ला लिहील. स्वच्छतेचंही तसंच, प्रॉंगखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. रिपोर्टपेक्षा एक पायरी इकडेतिकडे झाली तर मनाला लावून घेऊ नका. दोन पायऱ्यांचा फरक निघाला, किंवा माप आणि फ्लुरोसन्स जुळत नसेल, तर आणि तरच खडा काढून प्रयोगशाळेत पाठवायचा विचार करा. प्रॉंग वाकवून परत बसवण्यात धातू थकतो, तो धोका उगाच पत्करू नये.

---

हिशेबी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ते पत्र विम्याला देऊ नका.

'किंमत किती' याला एकच उत्तर नसतं. विम्यासाठी लागते ती बदली किंमत: अंगठी हरवली तर तशीच नवी, किरकोळ दुकानातून, आजच्या भावात, घडणावळ धरून घ्यायला किती पडेल. वाटणी किंवा वारसाहक्काच्या कामात वाजवी बाजारमूल्य लागतं, म्हणजे कसलीही घाई नसलेला विकणारा आणि घेणारा ज्या रकमेवर राजी होतील ती. आणि उद्या विकायला गेलात तर हातात पडेल ती तिसरीच, बदली किमतीच्या बरीच खाली. मूल्यांकनपत्रात यातली कोणती किंमत आहे हे पहिल्या परिच्छेदातच लिहिलेलं असावं, त्यात कर धरला आहे की नाही हेही. नुसतं 'मूल्य' लिहून खाली आकडा असेल तर तो कागद कशालाच धड उपयोगाचा नाही.

नुकतीच चार ठिकाणी चौकशी करून घेतलेली वस्तू असेल तर तिची बदली किंमत बिलाच्या आसपासच यायला हवी. थोडी वर जाणं समजू शकतं, कारण तुम्हाला सवलत मिळाली असेल. दुप्पट म्हणजे विक्रेत्याने 'बघा किती स्वस्तात मिळालं' हे सांगण्यासाठी छापलेला कागद.

असा फुगवलेला आकडा विम्याला दिला तर हप्ता त्या आकड्यावर बसतो. भरपाईच्या वेळी मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये कंपनी तशीच अंगठी तिला जेवढ्यात मिळेल तेवढेच पैसे मोजते, किंवा तिच्या ठरलेल्या पुरवठादाराकडून अंगठीच बनवून देते. मधला फरक दरवर्षी तुमच्या खिशातून. ठरलेल्या रकमेची पॉलिसी असेल तर गणित वेगळं असतं, पण तिथे कंपनी मूल्यांकनपत्र जास्तच खोलात तपासते. पॉलिसीत 'मान्य मूल्य' आहे की 'बदली मूल्य', एवढं आधी वाचा.

उलटी चूकही टाळा. हप्ता वाचवायला रकमेत काटछाट केली तर भरपाई तिथेच अडते.

वर्णनाकडे रकमेपेक्षा जास्त लक्ष द्या. 'एक कॅरेटची हिऱ्याची अंगठी' एवढंच लिहिलं असेल तर कंपनी त्या वर्णनात बसणारी सगळ्यात हलकी अंगठी देऊन मोकळी होईल. मापं, रिपोर्ट नंबर, कटचा दर्जा, धातूचा कस, अंगठीचं वजन आणि फोटो असले की तशीच द्यावी लागते.

पत्र दर दोन-तीन वर्षांनी नवं करा. खडा लॅबग्रोन असता तर दरवर्षी म्हटलं असतं. त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत भराभर उतरले आहेत आणि जुन्या पत्रावर हप्ता भरत राहणं म्हणजे नसलेल्या किमतीचा विमा.

---

तिऱ्हाईत

माणूस कसा निवडावा हे अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून.

जीजी किंवा एफजीए ही रत्नशास्त्राची पदवी रत्न ओळखता येतं हे सांगते. किंमत काढण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि दोन्ही असलेला माणूस हवा. भेट ठरवण्याआधी फोनवरच विचारा: काम माझ्यासमोर कराल का? मास्टर स्टोन आहेत का? लॅबग्रोन तपासायला काय उपकरण आहे? फी कशी? फी तासावर किंवा नगावर असावी. किमतीच्या टक्क्यांवर फी घेणारा असेल तर फोन ठेवा, कारण आकडा वाढला की त्याचाच खिसा भरतो. 'ही विकायची असेल तर मीच घेतो' किंवा 'यापेक्षा चांगली मी याच पैशात देतो' असं म्हणणाऱ्याचंही मूल्यांकन वाचायच्या लायकीचं नाही. विक्रेत्यानेच सुचवलेला 'स्वतंत्र' तज्ज्ञ तर नकोच.

रिपोर्ट-बिल दाखवायच्या प्रश्नावर: बिल शेवटपर्यंत दाखवू नका असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. आधी अंगठी द्या आणि माप, रंगाचा पल्ला, स्वच्छता, फ्लुरोसन्स हे सगळं त्याला स्वतः लिहू द्या. मग रिपोर्ट काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. बिलसुद्धा त्यानंतर द्यावं, कारण अलीकडचा खरा व्यवहार हा बाजारभावाचा एक पुरावाच असतो आणि चांगला तज्ज्ञ तो वापरतो. लपवाछपवी करून त्याची परीक्षा घेण्यापेक्षा क्रम सांभाळणं महत्त्वाचं.

---

हिशेबी

@तिऱ्हाईत, क्रम मान्य, पण बिलाबाबत मी अजूनही नकोच म्हणेन. एकदा आकडा डोळ्यांसमोर आला की त्याच्या दहा-वीस टक्के वर थांबायचा मोह होतो. आधी त्याचा आकडा लेखी घ्या, बिल मग दाखवा. फरक का पडला हे त्याला सांगता आलं तर उत्तम.

---

कोंदण

सगळे मधल्या खड्याच्या मागे आहेत. अंगठीही बघा. खडा हरवतो तो अंगठीमुळेच.

प्रॉंग: सहाही खड्यावर टेकलेले हवेत. प्रॉंग आणि खडा यांत भिंगातून फट दिसली, किंवा लोकरीचा धागा अडकला, तर काम कच्चं आहे. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा, टिकटिक ऐकू आली तर खडा सैल आहे. प्रॉंगच्या आतल्या बाजूला खड्यासाठी जी खाच कापतात ती प्रॉंगच्या जाडीच्या अर्ध्याहून खोल गेलेली नको. वरून सुबक दिसणारा प्रॉंग तिथेच मोडतो. नव्या अंगठीत ही दुरुस्ती विक्रेत्याने फुकट करून द्यायची असते, म्हणून मूल्यांकनपत्रात 'स्थिती' या सदराखाली लिहून घ्या.

गर्डल: प्रॉंग दाबताना हत्याराचा जोर गर्डलवर येतो आणि पातळ गर्डलचा टवका उडतो. नेमका प्रॉंगच्या शेजारी उडतो. रिपोर्ट बसवण्याआधीचा, त्यामुळे तो टवका रिपोर्टमध्ये सापडणार नाही. मुद्दाम सहाही जागी बघायला सांगा.

धातू: आतल्या बाजूला ७५० शिक्का हवा, तो १८ कॅरेटचा. शिक्का कुणीही मारू शकतो म्हणून एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूची तपासणी) करतात, पण व्हाइट गोल्डवर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो आणि ते यंत्र वरचाच थर वाचतं. अहवालात ऱ्होडियम दिसत असेल तर तो कस धरू नका. आतल्या बाजूला मुलामा घासला गेलेल्या जागी परत वाचन घ्यायला सांगा. जोडावर घेतलेलं वाचनही कमी येतं, तिथे झाळ असते.

बारीक हिरे: १६ नग, ०.१६ कॅरेट, म्हणजे प्रत्येकी १ सेंट. १ सेंटचा गोल हिरा साधारण १.३ मिमीचा असतो. गेज लावून बघा. १.१ मिमीचे निघाले तर बिलातलं वजन फुगवलेलं आहे. जीआयएचा रिपोर्ट या सोळांना लागू नाही, आणि बारीक मालात लॅबग्रोन मिसळलेला असण्याची भीती मोठ्या खड्यापेक्षा जास्त.

---

नवी_खरेदी

खूप उपयोगी. @कोंदण, शेवटच्या ओळीने झोप उडवली. बाजारात पेनासारखे डायमंड टेस्टर मिळतात, त्याने बारीक हिरे आणि मधला खडा घरीच तपासता येईल का?

---

भिंगवाला

नाही. पेन टेस्टर उष्णता किती वेगाने वाहते ते मोजतो. त्याने क्युबिक झिरकोनिया हा नकली खडा पकडला जाईल, पण मोझनाइट हा दुसरा नकली खडा बऱ्याचदा हिरा म्हणून पास होतो, आणि लॅबग्रोन पास होणारच, कारण तोही हिराच आहे. वीजवहन मोजणारे टेस्टर मोझनाइट वेगळा काढतात, पण बोरॉन असलेल्या काही लॅबग्रोनना मोझनाइट ठरवतात. मोझनाइटसाठी भिंग पुरतं: खडा जरा तिरका करून वरच्या पैलूंतून खालच्या पैलूंच्या कडा बघा, प्रत्येक कड जोडीने दिसली तर मोझनाइट. हिऱ्यात कड एकेरीच दिसते.

नैसर्गिक की लॅबग्रोन हे यंत्राचं काम. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांमध्ये नायट्रोजनचे अणू एकत्र गोळा झालेले असतात, त्याला प्रकार १ए म्हणतात. रंगहीन लॅबग्रोन मात्र जवळपास सगळे नायट्रोजनविरहित, म्हणजे प्रकार २ए. काही यंत्रं शॉर्टवेव्ह (कमी तरंगलांबीचा) यूव्ही आरपार जातो का ते बघतात, काही खड्यातून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट वाचतात. दोन्हींचा निकाल 'नैसर्गिक' किंवा 'पुढे तपासा' असा येतो. 'पुढे तपासा' म्हणजे लॅबग्रोन नव्हे. २ए नैसर्गिक हिरेही थोडे असतात. पुढचा निकाल प्रयोगशाळेचा.

तुमच्या मधल्या खड्यापुरतं एक दिलाशाचं: लाँगवेव्हमधला (म्हणजे वर सांगितलेल्या ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखालचा) निळा फ्लुरोसन्स बहुतेक वेळा तीन नायट्रोजन अणू एकत्र आलेल्या केंद्रामुळे येतो, आणि ते व्हायला भूगर्भातला प्रदीर्घ काळ लागतो. रंगहीन लॅबग्रोनमध्ये तो क्वचित दिसतो. तिथे उलट शॉर्टवेव्हची चमक लाँगवेव्हपेक्षा जास्त असते, आणि काही एचपीएचटी (प्रचंड दाब-उष्णतेत बनवलेले लॅबग्रोन) खडे दिवा बंद केल्यावरही काही सेकंद मिणमिणत राहतात. यावरून पैज लावू नका, पण मीडियम निळा खरोखर दिसला, मापं जुळली आणि खुणा जुळल्या, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. सोळा बारीक खड्यांना त्याच यूव्ही दिव्याखाली एकत्र बघा. नैसर्गिक मालात काही उजळतात, काही नाही, अशी सरमिसळ असते. सगळे एकजात काळे किंवा सगळे एकाच छटेचे दिसले तर यंत्राखाली घाला.

जाता जाता: ऑक्टोबर २०२५पासून जीआयए लॅबग्रोन हिऱ्यांना नैसर्गिकसारखी रंग-स्वच्छतेची श्रेणी देत नाही, 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड' एवढंच लिहिते. त्यानंतरच्या तारखेचा, जी-व्हीएस२ लिहिलेला लॅबग्रोनचा जीआयए कागद कुणी दाखवला तर तो आधी जीआयएच्या संकेतस्थळावर तपासा. तुमचाही तपासाच, नंबर टाकला की मूळ मजकूर येतो. फक्त नंबर आहे की नाही एवढं न बघता प्रत्येक आकडा छापील कागदाशी ताडा.

---

तिऱ्हाईत

अंगठी ठेवून यायची वेळ आलीच तर पावतीशिवाय निघू नका. पावतीत 'पिवळ्या-पांढऱ्या धातूची अंगठी, पांढरा खडा' असलं वर्णन चालवून घेऊ नका. अंगठीचं एकूण वजन ग्रॅममध्ये, खड्याचा व्यास, रिपोर्ट नंबर, प्रॉंगची संख्या आणि दोन खुणांची जागा एवढं तरी हवं. परत घेताना तीच खूण भिंगातून बघून मगच सही करा.

अंतिम पत्रात हेतू, किमतीचा प्रकार, तपासणीची तारीख, खडा बसलेल्या अवस्थेत तपासला हे विधान, कोणती उपकरणं वापरली, कोणता आकडा मोजलेला आणि कोणता रिपोर्टवरून घेतलेला, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. रिपोर्टमधली श्रेणी जशीच्या तशी उतरवून खाली सही ठोकलेली पत्रं खूप फिरतात. 'रिपोर्टनुसार जी' आणि 'माझ्या तपासणीत जी ते एच' असं दोन्ही लिहिलेलं पत्र हातात पडलं की समजा माणसाने अंगठी खरंच पाहिली आहे.

---

कोंदण

@नवी_खरेदी, साइजचं राहिलं. मूल्यांकन झालं, परत करायची नाही हे ठरलं, की मग करा. लहान करताना खालून तुकडा काढून जोड देतात. ज्योत वापरणार असतील तर हिऱ्यांवर बोरिक ॲसिडचा लेप हवा, नाहीतर हवेतल्या ऑक्सिजनने खड्याचा पृष्ठभाग धुरकट होतो. लेझर वेल्डिंगची सोय असेल तर उष्णता जोडापुरतीच राहते, तेच सांगा.

वर्तुळ लहान झालं की खांद्यांचा बाक बदलतो आणि तिथले बारीक खडे सैल होतात. एक साइजपर्यंत सहसा निभावतं, दोन साइज कमी करायच्या असतील तर खांद्यांवरचे खडे नव्याने घट्ट करावे लागतील हे आधीच बोलून घ्या. शेवटी नवा ऱ्होडियम, आणि सोळाही खडे भिंगाखाली एकदा मोजून, टोचून बघायचे. अंगठीचं वजन थोडं कमी भरेल, तेवढी दुरुस्ती मूल्यांकनपत्रावर तारीख-सहीनिशी करून घ्या आणि विम्याला सुधारलेली प्रत पाठवा.